कपाळ सोडून

सिस्टर, सोमवारी तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात, दारात चपला काढल्या, घड्याळ पाहिलंत आणि म्हणालात, "पाचला दोन मिनिटं कमी आहेत. मी वेळेची पक्की आहे." मला बरं वाटलं. तुमच्या आधीच्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या, पण त्यांचे पाच म्हणजे साडेपाच असायचे, आणि तो अर्धा तास आई उशीचा अभ्रा दातांत धरून काढायची. हाडांच्या दुखण्याला घड्याळ बरोबर कळतं.

त्या दिवशी मला जरा उशीर झाला होता, म्हणून तुम्ही आलात तेव्हा मी आईचं तोंड पुसत होतो. कोमट पाणी, मऊ फडकं. आधी डोळे, मग गाल, कानांच्या मागे, हनुवटी, मान. तुम्ही सुईत औषध भरत होतात पण लक्ष माझ्या हाताकडे होतं. "इतक्या निगुतीने पुसता, मग कपाळच का हो सोडता?" असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, सवय. आई डोळे मिटूनच म्हणाली की याचं लहानपणापासून असंच आहे, कुठलंही काम शेवटच्या घासाशी येऊन सोडतो. तुम्ही हसलात. मीही हसलो.

प्रश्न साधा होता. पण मला तोंडाने नीट सांगता येत नाही. शाळा चौथीत सुटली. पुढचं जे काही अक्षर आलं ते रोज वहीत चार ओळी लिहून आलं. म्हणून लिहूनच देतो. दुपारी आईला जरा डुलकी लागते, तेवढ्या वेळात थोडं थोडं लिहायचं ठरवलंय. जुन्या वह्या माळ्यावरून काढल्यात. तारखा आणि वेळा त्यांतल्याच आहेत, आठवणीवर सोडलेलं काही नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी लढाई चालू होती तेव्हा मी खिंडीच्या पायथ्याच्या लष्करी दवाखान्यात कामाला होतो. शिपाई नव्हतो. शहरातल्या इस्पितळात वॉर्डबॉय होतो, तिथून आम्हा सात जणांना उचलून तिकडे पाठवलं. दवाखाना म्हणजे फळांचं जुनं गोदाम. जाड भिंती, वर पत्रा, खिडकी एकही नाही. आत शिरलं की आधी सडक्या सफरचंदांचा गोड वास यायचा, मग त्याच्या आडून स्पिरिटचा, ओल्या लोकरीचा आणि रक्ताचा. फळवाल्याच्या दुकानासमोरून जाताना मी आजही श्वास धरतो. फळांच्या पेट्या उलट्या मांडून त्यांवर स्ट्रेचर ठेवलेले असत, आणि मधोमध एक लोखंडी शेगडी चोवीस तास पेटलेली असे.

माझं काम तोंडं पुसायचं. ऐकायला हलकं वाटेल, पण वरून जखमी यायचे ते चिखलाने आणि काजळीने इतके माखलेले असायचे की माणूस ओळखू येत नसे. डॉक्टरसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की चिखलाखाली माणूस पांढरा पडलाय की निळा, ते त्यांना दिसलं पाहिजे. कोणाला आधी टेबलावर घ्यायचं ते त्यावर ठरतं. साहेब दोन ऑपरेशनांच्या मध्ये पेटीवर बसल्या बसल्या झोपायचे, आणि झोपेतही धुतलेले हात वर धरून ठेवायचे, कशाला लागू नयेत म्हणून. आम्ही सगळेच तसे होतो. वहीत त्या महिन्यात जागोजागी ओळ अर्धी सुटलेली आहे. तिथे मला झोप लागली.

साहेबांचं दुसरं सांगणं असं, की सगळं तोंड पूस, कपाळ सोडून.

त्याचं कारण होतं. वर खिंडीत एक प्रथमोपचाराची चौकी होती. तिथले कंपाउंडर जखमींना मॉर्फिन टोचायचे आणि लगेच कपाळावर खूण करायचे: 'मॉ' आणि पुढे वेळ. कागदाची चिठ्ठी बर्फात भिजते, कोट कापून काढला की त्याच्याबरोबर जाते. कपाळ कुठे जात नाही. खूण असेल तर खाली पुन्हा टोचायचं नाही, नसेल तर टोचायचं. खाली आमच्या मोठ्या सिस्टर होत्या, शहरातल्या इस्पितळापासून माझ्या ओळखीच्या. त्यांनी मला हे दोनदा समजावलं होतं. थंडीने गोठलेल्या अंगात औषध कातडीखाली तसंच पडून राहतं, दुखणं थांबत नाही, म्हणून दुसरं द्यावंसं वाटतं. मग शेगडीजवळ अंग तापलं की दोन्ही एकदम चढतात, आणि माणूस झोपेतच श्वास घ्यायचा विसरतो.

खूण करायची पेन्सिल साधी नसे. कोरडी असताना राखाडी, ओली केली की जांभळी उमटणारी. ती ओली करायला वर पाणी कुठलं? कंपाउंडर ती जिभेला लावायचे. त्यामुळे त्यांची जीभ कायम जांभळी. पन्नाशीचा बुटका माणूस, गळ्याभोवती तपकिरी मफलर, कानावर पेन्सिल. आम्ही त्यांना कंपाउंडरकाका म्हणायचो. आठवड्यातून एकदा औषधं न्यायला खाली येत. मी वहीत लिहितो हे कळल्यावर त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, मधोमध मोडली आणि अर्धी मला दिली. म्हणाले, "तू लिही, मीही लिहितो. मी लिहिल्याशिवाय देत नाही आणि दिल्याशिवाय लिहीत नाही." तेव्हापासून माझीही जीभ जांभळी.

ट्रकवर एक ड्रायव्हर होता, वरून जखमी आणायचा. त्याने माझं नाव तोंडपुशे ठेवलं होतं. मागचं फळकूट खाली पाडता पाडता ओरडायचा, "ए तोंडपुशे, आज किती नवरदेव नटवलेस?" बर्फात, रक्तात, दोन दोन रात्री न झोपता हा माणूस रोज तेच विचारायचा, आणि मला रोज हसू यायचं.

आता जे झालं ते सांगतो.

एका दुपारी टेलिफोनच्या तारा जोडणारा एक शिपाई आला. वीस-एकवीसचा. पाय चेंगरला होता, अंग लाकडासारखं गार. कपाळावर खूण होती: मॉ ४-१०. कंपाउंडरकाकांचा चार ओळखू येई, ते त्याची शेपटी खाली लांब ओढून तिला बारीक गाठ मारत. मी गाल पुसले, हनुवटी पुसली. तो म्हणाला, "दादा, कपाळपण पूस ना. अर्धवट धुतलेलं तोंड घेऊन गेलो की आई घरात घेत नाही." मी म्हटलं, ते राहू दे. तो रडायला लागला. मोठं रडणं नव्हतं, नुसतं पाणी वाहत होतं, आणि तेवढंच म्हणत होता, पूस ना, पूस ना. मी फार थकलो होतो, सिस्टर. हे कारण म्हणून सांगत नाही, जसं होतं तसं सांगतो. मी कपाळ पुसलं. म्हटलं, लगेच परत लिहितो. पेन्सिल माझ्या कोटात होती आणि कोट खुंटीला. खुंटीकडे वळलो, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. दोन ट्रक एकदम आले होते.

मी परत लिहिलं नाही. विसरलो.

सव्वापाचच्या सुमाराला मोठ्या सिस्टरांच्या हाताखालच्या धाकट्या सिस्टरनी स्वच्छ कपाळ पाहिलं, मुलगा कण्हत होता, त्यांनी मॉर्फिन दिलं आणि शेगडीजवळ सरकवला. पाऊण तासाने मोठ्या सिस्टरनी मला हाक मारली आणि श्वास मोजायला बसवलं. मिनिटाला चौदा. मग दहा. मग सहा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. चेहरा इतका शांत, इतका स्वच्छ. सहानंतर मी मोजत राहिलो, पण मोजायला काही नव्हतं.

दुसऱ्या सकाळी चौकशी झाली. साहेबांनी धाकट्या सिस्टरना विचारलं, त्यांनी कपाळ स्वच्छ होतं म्हणून शपथ घेतली, आणि ते खरंच होतं. मग मला विचारलं. तोंड पुसताना खूण होती का?

मी म्हटलं, "नव्हती."

कंपाउंडरकाकांना वरून बोलावून घेतलं होतं. ते मोठ्याने बोलले नाहीत. पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होते की मी लिहिलं होतं साहेब, चार दहाला लिहिलं होतं, ही जीभ बघा माझी. आणि त्यांनी खरंच जीभ बाहेर काढून दाखवली, एखाद्या पोराने डॉक्टरला दाखवावी तशी. साहेब म्हणाले, जीभ काय, या वहीवाल्याचीही जांभळीच आहे. कोणीतरी हसलं. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट बघितल्यासारखं पाहिलं. मी बादली उचलून पाणी बदलायला गेलो.

त्यांना त्याच दिवशी कामावरून काढून मागे पाठवलं. कागदावर लिहिलं, खूण केली नाही. ड्रायव्हरनेच त्यांना रेल्वेपर्यंत सोडलं. परत आल्यावर त्याने नेहमीचा विनोद केला नाही. म्हणाला, म्हातारा वाटभर अर्धी पेन्सिल मुठीत धरून बसला होता. वर त्यांच्या जागी एक नवा माणूस आला. तो आठवलं तर लिहायचा, नाही तर नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एका माणसाचं तोंड पुसत होतो. मनगट मोडलं होतं, बाकी ठीक, स्वतः चालत आला होता. चिखल निघाला आणि खालून अक्षरं आली. मॉ ४-१०. चाराला शेपटी, शेपटीला गाठ.

मी त्याला विचारलं, कोणी टोचलं? तो म्हणाला, कोणीच नाही. पण आवाज जड होता, आणि मोडलेलं मनगट मांडीवर ठेवून तो असा बसला होता, जणू ते दुसऱ्या कोणाचं आहे. मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. साडेतीन वाजले होते. चार दहा व्हायचे होते अजून.

मी स्वतःला समजावलं की नव्या माणसाने जुन्याचं अक्षर उचललं असेल, घड्याळ पुढे असेल. माणूस थकला की त्याला काहीही पटतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग दोन. सगळ्यांवर तीच वेळ, तीच गाठ. एकाच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत रक्त वाळून पापुद्रा झाला होता. मी तो भिजवून सोडवला, तर खूण रक्ताच्या खाली. म्हणजे जखम व्हायच्या आधी कोणीतरी लिहून गेलं होतं...

मी कोणाला बोललो नाही. बोलायचं तर पहिल्यापासून बोलावं लागलं असतं. खूण आहे म्हटल्यावर सिस्टर त्या माणसांना मॉर्फिन देत नव्हत्या, आणि ती माणसं फारशी मागतही नव्हती. तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही. आज वही वाचताना आलं.

काका गेल्याला अकरा दिवस झाले होते. संध्याकाळी पाचला दहा कमी असताना एक ट्रक आला आणि त्यातून आमचा ड्रायव्हर उतरवला. बर्फावर गाडी घसरून दरीच्या कडेला उलटली होती. दोन तास तो स्टिअरिंगखाली अडकून पडला होता. एक पाय गुडघ्याखाली उलटा फिरलेला. ओठ निळे. मला पाहून म्हणाला, "आज मला नटव बाबा." आणि मग ओरडला. त्या गोदामात मी पुष्कळ ओरडणं ऐकलं होतं, पण ओळखीच्या आवाजाचं ओरडणं वेगळं असतं.

मी तोंड पुसलं. गाल, हनुवटी. मग कपाळावरचं तेल आणि बर्फ आपोआप ओघळलं.

मॉ ४-१०.

मोठ्या सिस्टर सुई घेऊन आल्या, कपाळ पाहिलं आणि थांबल्या. ड्रायव्हर सांगत होता की मला काही दिलेलं नाही हो, आईशपथ नाही. पण ज्यांना दिलेलं असतं तेही असंच सांगतात. वर विचारावं तर टेलिफोनची तार तुटलेली. कंपाउंडरकाका असते तर तार तुटलेली पाहून त्यांनी प्रत्येक जखमीबरोबर तोंडी निरोप तरी धाडला असता. नव्या माणसाचा काय भरवसा. साहेबांना पाय सरळ करायचा होता, आणि म्हणत होते की असाच ओढला तर हा टेबलावरच जाईल. सिस्टर हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "एकदा झालं. माझ्या वॉर्डात पुन्हा नाही."

ओलं फडकं माझ्या हातात होतं. एक हात फिरवला असता तर काम झालं असतं, कोणाला कळलं नसतं. मला अजून त्या फडक्याचं वजन आठवतं.

मी पुसलं नाही. मी सिस्टरना सगळं सांगितलं, तिथेच, ड्रायव्हरच्या डोक्याशी उभा राहून. तारवाल्या मुलाचं कपाळ, खुंटीवरचा कोट, 'नव्हती' म्हणालो ते. आणि त्यानंतर येत असलेल्या खुणा. म्हटलं, ही खूण खोटी आहे, हे अक्षर ज्यांचं आहे ते वर नाहीतच.

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांखाली कातडी काळी पडली होती. रागवायलाही ताकद लागते, ती त्यांच्यात नव्हती. म्हणाल्या, "अकरा दिवस लागले तुला." मग म्हणाल्या, "अर्धंच देते. तू श्वास मोज."

अर्धं दिलं. पाय सरळ केला. मग त्याला शेगडीजवळ आणलं आणि मी घड्याळ घेऊन बसलो. अठरा. सोळा. ओठांवर रंग आला, अंग उबेला लागलं. मला वाटलं, सुटलो. मग बारा. मग नऊ. सिस्टरनी कंदील जवळ धरला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अर्ध्या मात्रेने असं होत नाही. त्यांनी त्याची बाही वर केली. त्यांनी डाव्या दंडात टोचलं होतं. उजव्या दंडावर दुसरा एक लाल ठिपका होता, ताजा.

सिस्टर एवढंच म्हणाल्या, "खूण खरी होती."

सहापर्यंत गेला तो. त्याला झोपू द्यायचं नव्हतं. सिस्टर गालांवर चापट्या मारत होत्या आणि मला म्हणाल्या, बोल त्याच्याशी, शिव्या दे, काहीही कर. मी मला येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. मग त्याच परत दिल्या. केव्हातरी तो डोळे न उघडता पुटपुटला, "ही मघाशी दिलीस." त्यानंतर श्वास आठ झाला, मग अकरा. वाचला. एक पाय आखूड राहिला, पण वाचला. अर्धंच दिलं होतं म्हणून.

दोन दिवसांनी तार जोडली गेली. वरचा नवा माणूस म्हणाला, ट्रक उलटला त्या दिवशी मी कोणालाच टोचलेलं नाही, तापाने पडून होतो. साहेबांनी माझा जबाब लिहून घेतला आणि काकांचं नाव साफ व्हावं म्हणून मागच्या तळावर पत्र धाडलं. उत्तर आलं ते चार ओळींचं. कंपाउंडर आपल्या दवाखान्यातून निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या प्रतीक्षागृहात थंडीने वारले, सबब प्रकरण बंद केले आहे. कागदावर होतं ते तसंच राहिलं: खूण केली नाही.

दुसऱ्या दिवशी. आणि खुणा यायला लागल्या तिसऱ्या दिवसापासून.

त्यानंतर एकही आली नाही. लढाई संपली, मी परत आलो, नोकरी केली, आता आईजवळ आहे. पुढे बॉलपेनच वापरलं. काकांनी दिलेली अर्धी पेन्सिल वह्यांच्या पेटीत तशीच ठेवून दिली. हे आईला कधी सांगितलं नाही, कोणालाच नाही. पण कोणाचंही तोंड पुसताना कपाळाशी आलं की हात आपोआप थांबतो. हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, सिस्टर. इथपर्यंत काल दुपारी लिहून झालं होतं, आणि आज तुम्हाला वही द्यायची होती.

यापुढचं आजचं आहे. आत्ता साडेचार झालेत.

चार वाजता मी पाणी कोमट केलं आणि आईच्या खोलीत गेलो. ती निजली होती. गेल्या चार महिन्यांत या वेळेला मी तिला निजलेली पाहिली नव्हती. अभ्रा दातांत नव्हता. मी फडकं पिळून गालाला लावलं, तर गाल आधीच ओला. गार पाण्याने पुसल्यासारखा. ती डोळे न उघडता म्हणाली, "दोनदा कशाला पुसतोस? आत्ताच तर पुसून गेला तो."

मी विचारलं, कोण?

"तो म्हातारा. मफलरवाला. तुझ्या ओळखीचा आहे म्हणाला." मग थोडं हसली. "एवढा मोठा माणूस, आणि जीभ बघ, जांभळं खाल्ल्यासारखी."

मग मी कपाळ पाहिलं.

मॉ ४-१०. चाराला शेपटी, शेपटीला गाठ. घड्याळात चार वाजून तीन मिनिटं झाली होती.

तुम्ही रोज डाव्या दंडात टोचता. आज उजव्या दंडावर लाल ठिपका आहे. कपाटातला तुमचा डबा मी काढून पाहिला. मॉर्फिनच्या काल उरलेल्या सहाच्या सहा कुप्या आहेत, वरची पट्टीही तुम्ही चिकटवलीत तशीच. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कुपी फुटली नाही तर औषध चढेल कुठून, झोप लागली असेल, लागू द्या, सिस्टर पाचला येतीलच. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांना बाकीचं सांगायला गेलो असतो तर त्यांनी मलाच तपासलं असतं.

तुम्हाला फोन लावला, तो लागत नाही. रस्त्यात असाल. म्हणून लिहितोय, म्हणजे बोलताना माझी जीभ अडखळली तरी कागद तुमच्या हातात असेल.

दर दोन मिनिटांनी मी आईला हाक मारतोय. ओ देते. एकदा म्हणाली, किती हाका मारतोस, मी काय पळून चाललेय का. चार वीसला श्वास पंधरा होते. साडेचारला तेरा. आत्ता पावणेपाचला अकरा. पुन्हा मोजले, अकराच.

तुम्ही पाचला याल, वेळेवर याल. सुई भराल. आईला काहीच दिलेलं नसेल आणि तुम्ही टोचलं नाहीत, तर आजची रात्र तिला उशी चावून काढावी लागेल. दिलेलं असेल आणि तुम्ही टोचलंत, तर काय होतं ते वर लिहिलंय. तुमचा डबा म्हणतो दिलेलं नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे. तो माणूस दिल्याशिवाय लिहीत नसे.

म्हणून आधी बाही वर करून बघा, मग बाहुल्या बघा, मग ठरवा. आणि मला विचाराल, तोंड पुसताना खूण होती का, तर होती. आहे. मी पुसलेली नाही.

अजून एक लिहायचं राहिलं. आईच्या उशाशी, पाण्याच्या भांड्याजवळ, पेन्सिलीचा एक अर्धा तुकडा आहे. मला वाटलं माझाच, पेटीतून वह्या काढताना पडला असेल. पेटी उघडली. माझा तुकडा तिथे आहे, कापडात गुंडाळलेला. दोन्ही आणून मोडलेल्या बाजू एकमेकींना लावून पाहिल्या. कुसळाला कुसळ बसलं, मध्ये फट राहिली नाही.

माझ्या तुकड्याचं टोक कोरडं आहे. दुसऱ्याचं अजून ओलं आहे.